रेडकाची बाटली

नाही हो, तशी उभी राहते ती अजून — म्हणजे आपण पोटाखाली हात घालून धरली तर राहते, हात काढला की बसते — पण डोळे बघा ना डॉक्टरसाहेब, डोळ्यांत जीव आहे, कालपर्यंत तर माझा पदर चघळायची. जरा सांभाळून या, तिथे ओल आहे, तिकडून नको, तिकडे शेण आहे — म्हणजे शेण सगळीकडेच आहे, गोठाच आहे हा, तुम्हाला मी काय सांगतेय, तुमचं आयुष्य गेलं यात. चिंधा, तो पाट दे साहेबांना. बसा. हा चिंधा आमच्या म्हशी पिळायला येतो, दोन्ही वेळा, तुम्हाला बोलवायला तोच आला होता. वाटेत काही बोलला का तो? नाही ना? बरं झालं. म्हणजे बोलण्यासारखं काही नाहीच तसं. पारडीला अशक्तपणा आलाय, एवढंच. काशीची पारडी. ती भिंतीकडे तोंड करून उभी आहे ना, माझ्याशी अबोला धरल्यासारखी, ती काशी. आमच्या पाच म्हशींत दुधाला तीच. व्याली त्याला आठवडा झाला असेल. सासू-सासरे दुसऱ्याच दिवशी पारोळ्याकडे लग्नाला गेले, जाताना आप्पा — माझे सासरे — दारातून परत फिरून आले आणि म्हणाले, ‘सूनबाई, बाकी काही नको बघू, ही पारडी बघ.’ आज संध्याकाळच्या गाडीने उधन्याला उतरतील. तोपर्यंत ही आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, साहेब. एवढंच बघा. मला दुसरं काही नको.

हो, खाल्लं-प्यायलं सांगते ना. तुम्ही आधी ताप बघा, मी बोलत राहते, मला गप्प बसवत नाही, माहेरी सगळे म्हणायचे हिला झोपेतसुद्धा शंका येतात. तर असं झालं — या पारडीआधीची तीन रेडकं गेलीत आमची. या दोन वर्षांत. सगळी महिन्याच्या आत-बाहेरची. आधी पोट नगाऱ्यासारखं, मग मातकट पांढरं, अगदी घाण वासाचं पातळ, मग केस उभे राहिल्यासारखे राठ, आणि मग एक दिवस सकाळी उठून यावं तर — जाऊ द्या. आप्पा म्हणायचे नजर लागते. सासूबाईंनी गोठ्याच्या दाराला काळी बाहुली बांधली, ती बघा, अजून आहे. मी म्हटलं नजरेने जुलाब होत नाहीत, हे जंत असणार. झालं! घरात माझं नाव ‘जंतवाली’ पडलं. बीएस्सी आहे मी, प्राणिशास्त्र — धुळ्याला. सेकंड क्लास. गोलकृमीची आकृती मला पंधरापैकी तेरा मार्कांची यायची, नर वेगळा, मादी वेगळी, शेपटी वळलेली की सरळ, सगळं. म्हैस मात्र अभ्यासाला नव्हती. आप्पांनी तेच विचारलं होतं लग्नानंतर पहिल्या महिन्यात — ‘पोरी, तुना पुस्तकमा म्हैस शे का?’ मी म्हटलं नाही, आप्पा, बेडूक आहे. त्यावर ते जे हसले, ते अजून आमच्या या गोडादऱ्यात सगळ्यांना सांगतात.

ताप नाही? उलट कमीच? गार पडलीय म्हणता. — चिंधा, ते गोणपाट टाक तिच्यावर. नाही, ते नको, ते धुतलेलं नाही, ते आतलं— बरं, राहू दे, टाक तेच.

कोणती? ती बाटली? ती... सोनालीच्या बाटल्यांतली आहे. माझी मुलगी, पाच महिन्यांची, ती बघा त्या ओसरीवरच्या झोळीत, झोपलीय. नाही, बाटली चुकून नाही आली इथे. पारडीला त्यातनंच पाजतेय मी. तुम्ही असं बघू नका हो. दोन बाटल्या आहेत, दोन्ही वेगळ्या, निळा दोरा बांधलेली पारडीची. दोन्ही मी उकळते, पाणी खळखळ उकळायला लागल्यावर घड्याळ लावून. चिमटा सुद्धा उकळते, ज्याने बाटली बाहेर काढायची. आणि मग चिमटा बाहेर कशाने काढायचा, यावर पहिल्या दिवशी मी बराच वेळ उभी होते गॅसपुढे. म्हणजे स्वच्छतेत काही कमी नाही. काशीचंच दूध पाजते, दुसऱ्याचं नाही, फक्त उकळून. तीन उकळ्या आणून. आणि मग... तेवढंच पाणी घालून. हो, अर्धं दूध, अर्धं पाणी. कारण म्हशीचं दूध जड असतं ना, पचत नाही. कोणाला? — बाळाला.

हो.

हो, ती म्हशीचीच आहे. ते आत्ता तुमच्या तोंडून — म्हणजे तुम्ही काही बोललाच नाहीत, पण तुमच्या भुवईवरून — आत्ता लक्षात आलं माझ्या. म्हशीच्या पोरीला म्हशीचं दूध जड पडेल म्हणून मी त्यात पाणी घातलं. आणि चिमूटभर साखर. आणि पाजून झाल्यावर तिला ढेकर येईस्तोवर पाठीवर थोपटत होते. हसा, हसा तुम्ही, चिंधासुद्धा पहिल्या दिवशी मागे तोंड करून हसला, मला खांदे दिसत होते त्याचे. दर दोन तासांनी चार औंस. रात्रीसुद्धा उठून. बत्ती घेऊन. सोनालीलाही आणि हिलाही. योगेंद्र — माझे मिस्टर — पलसाण्याला कापडाच्या प्रोसेस मिलमध्ये आहेत, कलर खात्यात. बारा तासांनी घरी येतात तेव्हा कधी कोपरापर्यंत निळे, कधी गुलाबी. त्यांनी एकदा पहाटे बघितलं मला, मांडीवर पारडीचं डोकं, हातात बाटली. म्हणाले, ‘तुला बरं वाटतंय ना?’ मी म्हटलं हो. म्हणाले, ‘मग कर.’ आणि झोपले. असा नवरा असल्यावर माणसाला चूक करताना कोण अडवणार?

किती प्यायला हवी होती ती? दिवसाला? — लिटर? औंस नाही, लिटर?

मग ही चार दिवस उपाशीच आहे. सरळ म्हणा ना, उपाशी आहे. काही रोग नाही. रोग मी आहे.

नाही, सांगते ना, आईपासून का तोडली ते सांगते. मी काही वेडी नाही. निदान ते लोकांनी ठरवायचंय, मी नाही. आप्पांचा तो रेडिओ बघा, खुंटीला. जळगाव स्टेशन लावतात त्यावर, इथे या गुजराती मुलखात नीट लागत नाही, पण आप्पांना त्या खरखरीतसुद्धा गावचं ऐकू येतं. सासू-सासरे गेले त्या संध्याकाळी मी शेणगोठा करायला आले, सोनाली अशी खांद्यावर, आणि शेतीचा कार्यक्रम चाललेला. आणि नेमकं तेच! ‘रेडकांमधील जंत.’ मी खराटा टाकला खाली. ते गृहस्थ सांगत होते — संथपणे, जसं काही भाताची रोपं लावायची सांगताहेत — की या जंतांच्या अळ्या मोठ्या म्हशीच्या अंगात शिरतात आणि तिला काहीच करत नाहीत. नुसत्या झोपून राहतात. मांसात, काळजात, वर्षानुवर्षं. म्हशीला पत्ता नसतो. ती खाते, पिते, धष्टपुष्ट दिसते. आणि मग ती व्याली की त्या जाग्या होतात आणि कासेकडे निघतात. आणि दुधातून उतरतात रेडकात. आईच्या दुधातून, साहेब! ती तिकडे प्रेमाने चाटतेय, आणि इकडे पोटात — आणि ते म्हणाले, ‘म्हणून शेतकरी बंधूंनी रेडकाला...’ आणि खरखर. गेलं स्टेशन. मी तो काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, एकदा गुजराती भजन लागलं, एकदा कापसाचे भाव, पण ते गृहस्थ काही परत आले नाहीत. ‘म्हणून रेडकाला...’ — काय? म्हणून रेडकाला काय? तुम्ही असता तर काय समजला असतात? मी समजले, म्हणून रेडकाला आईला पिऊ देऊ नये. इतकं सरळ होतं ते! जे दुधातून येतं ते दूध तोडल्यावर येणार नाही. गणित आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चिंधा आला तेव्हा मी पारडीला त्या पलीकडच्या खोलीत बांधून मोकळी झाले होते.

चिंधाला विचारा, काही बोलला का तो मला. बोल ना रे, घाबरू नको. — हे असं. तेव्हाही असंच. डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही शिकेल शेतस, तुमलेच माहीत.’ मला कोणीतरी त्या दिवशी दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. माझ्या शिक्षणाचा मान राखायला या गोडादऱ्यात एवढा एकच माणूस निघाला, आणि तोही नको तिथे. पहिले दोन दिवस त्याने ढेप पुढे ठेवून, पाठ खाजवून, गाणी म्हणून काशीला फसवलं, पिळलं थोडंफार. परवापासून तीही शहाणी झाली. पान्हाच सोडत नाही. चिंधा म्हणतो इंजेक्शन लावू, सगळे तबेलेवाले लावतात, टोचलं की धार सुरू. मी म्हटलं खबरदार. ते इंजेक्शन मग दुधात उतरेल, दूध गिऱ्हाइकाच्या पोरांच्या पोटात — तर काल संध्याकाळी बादलीत बोटभर दूध. समोरच्या गुजराती बेन भांडं घेऊन तीनदा येऊन गेल्या, ‘आजे पण नथी?’ मी म्हटलं म्हैस रुसलीय. तेवढं एक मात्र खरं बोलले मी आठवडाभरात.

बघताय ना तुम्ही जमीन? मला कळलं, तुम्ही केव्हाचे त्या कोपऱ्याकडे बघताय. हो. तो खुंटा रेडकांचाच. आधीची तिन्ही तिथेच बांधलेली होती. एकामागून एक, त्याच खुंट्याला. आणि हो, ती नाली म्हशींच्या गव्हाणीखालून जाते. आणि उकिरडा भिंतीच्या पलीकडे, ओल आत झिरपते, पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं की इथपर्यंत येतं, आणि ओसरलं तरी ही माती म्हणून कोरडी होत नाही. मी आप्पांना म्हटलं होतं, लादी घालू, खुंटा बदलू, रेडकं उन्हाच्या बाजूला बांधू. आप्पा म्हणाले, चाळीस वर्षं इथेच बांधतोय. — म्हणजे? काय म्हणता? अंडी या मातीत राहतात. महिनोन् महिने. रेडकाच्या शेणातून मातीत, मातीतून चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात, म्हशीच्या अंगात झोपायचं, आणि ती व्याली की परत दुधातून... म्हणजे पोराचं आईला, आईचं पोराला. असंच गोल फिरत राहतं. कोणी सुरू केलं कोणाला माहीत नाही, आणि प्रत्येकीला वाटतं आपल्यापासूनच सुरू झालं.

नाही, काही नाही. चिलट गेलं डोळ्यात.

आमचं घर तसं भित्रं नाही हो. इथे प्लेग आला त्या वर्षी अर्धा गोडादरा गाडीत बसून गावी, खानदेशात पळाला, आप्पा नाही हलले. म्हशींना कोण पाणी पाजणार म्हणाले. मी लग्न होऊन आले ते त्यानंतर. माझ्या आईने रुखवतात रुमालांचं एक डझन बांधून दिलं होतं, नाकाला लावायला. असल्या आईची मी मुलगी. ती आमच्या दुधाला, पाण्याला, हवेलासुद्धा घाबरायची. पेरू फोडी करून उजेडात धरून बघायची, तोवर आम्ही भावंडं रडत. मी ठरवलं होतं माझ्या मुलीला असं काही — बरं ते जाऊ द्या. तुम्ही पारडीच्या तोंडात बोट घालून काय बघताय? चोखतेय का? चोखतेय! जोरात? म्हणजे बरं ना ते? हो की नाही, एवढं तरी तोंडाने सांगा, साहेब.

बरं. बरं. मग औषध?

म्हणजे दूध तोडायचं नाही. दूध भरपूर पाजायचं, आणि दहा-पंधरा दिवसांची झाली की जंताचं औषध द्यायचं. एवढंच? ‘म्हणून रेडकाला’... औषध द्यावं. वाक्य एवढंच होतं पुढे? आईपासून तोडून नाही. आईला काही करायचंच नाही. आई तशीच. अळ्या असतील तर असोत, दूध तिचंच, फक्त औषध वेळेवर. — आणि पहिल्या दिवशी ती चीक प्यालीय, तर जे काही उतरायचं ते तेव्हापासूनच उतरायला लागलं असेल म्हणता. म्हणजे मी जे अडवलं ते नुसतं दूध. जंत गेले आत, आणि दूध राहिलं बाहेर. वा. धुळ्याच्या आमच्या सरांना कळवायला हवं. तेरा मार्क परत घ्या म्हणून.

साहेब, एक विचारते. काशीचंच विचारते. समजा असं अचानक पाजणं थांबवलं, तर ते दूध मग... कास दगडासारखी होते ना? हात लावू देववत नाही इतकी ठणकते. काखेपर्यंत. रात्री थंडी वाजून ताप भरतो. पिळून टाकलं की तासभर बरं, की पुन्हा. घट्ट बांधून ठेवलं तर आटतं म्हणतात, पण आटत नाही, आणि एका बाजूला ही अशी सुपारीएवढी गाठ — तर त्याला काय करायचं?

तुम्ही उठलात कशाला? नाही, काशीला हात लावायची... लावा. बघा. — मऊ आहे? भरलीय पण मऊ. गरम नाही, गाठ नाही. चारी सड ठीक. ताप तर नाहीच.

हं.

मग मी कोणाचं विचारलं, असंच ना?

तुम्ही काशीकडेच बघत बोला, साहेब. माझ्याकडे नको. मीही पारडीकडे बघते. असं बरं पडतं. — सातव्या महिन्यात मला एक जंत पडला होता. गांडुळाएवढा. प्राणिशास्त्राची पदवी, आणि मी मोरीत ओरडले अशी, की शेजारच्या मालतीबाई धावत आल्या, त्यांना वाटलं बाळंत झाले. लेडी डॉक्टर म्हणाल्या, आता पोटात मूल आहे, गोळी बाळंतपणानंतर. बाळंतपणानंतर कोणाला जंत आठवतो? मी तर तारीख-वार विसरले होते. मग त्या संध्याकाळी रेडिओवर ते गृहस्थ — नुसत्या झोपून राहतात, आईला पत्ता नसतो — आणि सोनाली माझ्या खांद्यावर, तोंड अंगाला घासत, भूक लागली होती तिला. मी लहानपणी अनवाणी फिरलेय, शेतात, खळ्यात, आता या गोठ्यात चपला घालून येते, पण त्या चपलांत पाय तेच. माझ्यात काय काय झोपलं असेल, कोणी सांगावं? गोळी घेतली तर गोळी दुधात, नाही घेतली तर ते दुधात. मी दोघींचं एकाच दिवशी तोडलं, साहेब. सकाळी पारडीचं, दुपारी सोनालीचं. तिच्या बाटलीला दोरा नाही, तेवढाच फरक. मालतीबाईंना सांगितलं, आटलं हो माझं. योगेंद्रना सांगितलं, बाटलीची सवय केलेली बरी. आणि रोज दोनदा मोरीत जाऊन, नळ सोडून, म्हणजे आवाज नको — एवढं दूध मी ओतलंय त्या मोरीत की आमची मोरी आता गुटगुटीत झाली असेल.

कोणाला विचारणार होते? लेडी डॉक्टरला? की बाई, मी रेडिओवर म्हशीचं ऐकलं आणि स्वतःचं बंद केलं? त्यांच्या बाहेर बाकावर पंचवीस बाया असतात आणि आत पडदा पातळ आहे. तुम्ही फार तर म्हशींना सांगाल. — उतरत नाहीत? माणसांत ते नाहीत उतरत दुधातून? ते वेगळे? नक्की का? तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात, म्हणून विचारते, राग मानू नका, आणि गोळीचं? हो, गोळीचं त्यांना विचारते. आजच विचारते. पडदा असो नाहीतर नसो. गाठीचं पण? आधी गाठीचं. बरं. आणि पाजायचं — तुम्ही असं म्हणू शकता का? तुमच्या अधिकारात येतं का? नाही येत, कळलं. पण मान हलवलीत. मी बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

काय आणू? मीठ? आणि कोंडा. चिंधा, घरात जा, ओट्यावर — नको, तुला नाही सापडणार, मी — हे घ्या. पाठीवर चोळायचं? अख्ख्या पाठीवर. कशाला? काशीने चाटावं म्हणून. ...हो. धुतलं होतं मी तिला. डेटॉलच्या पाण्याने. रोज. तुम्हालासुद्धा वास आला? म्हणजे काशीला तर — म्हणजे हिला आता आईचा वासच नाही. दवाखान्याचा आहे. काशी ओळखणारच नाही. साहेब, नाही ओळखलं तर? लाथ मारली तर? इतक्या दिवसांत तिने आशा सोडली असेल, तीही बघा ना, वळूनसुद्धा बघत नाही. आणि आप्पांची गाडी... चिंधा, नीट धर. डोकं वर धर तिचं. मान नको आवळू रे! हळू. माझ्याकडे द्या, मी मागून धरते. उठ गं बाई. उठ. लाकूड झालेत पाय. एक पाय. हं. पुढचा.

सोडायचं नाही एवढ्यात? तोंडासमोर न्यायची. काशी, ए काशी, माझ्यावर काढ राग, हिच्यावर नको. — हुंगतेय. मान फिरवली. साहेब, मान फिरवली हो तिने. मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं होतं, झालं, मी दोन जीव — थांबू? बरं, थांबते. बोलत नाही. श्वास घेते.

चाटला? कोंडा चाटतेय. पुन्हा. अहो, ती नुसता कोंडाच चाटतेय की हिला — कान चाटला! कानावर कोंडा नव्हता. कानावर नव्हता ना चिंधा? तू लावला नव्हतास? बघा, शपथ घेतो तो. घे, जा पुढे, खाली, तिथे नाही गं मूर्ख, तो पाय आहे, इकडे — साहेब, हिला माहीतच नाही कुठे जायचं, हिने चार दिवस रबर चोखलंय. तुम्ही लावा. तुमच्या हाताने. धरलं? धरलं तिने. ढुशी देतेय. इतकं अंगात बळ होतं? दे ढुशी, दे आणखी.

फेस येतोय तोंडाला. ऐकू येतंय तुम्हाला? घोट जातोय तिच्या नरड्यातून खाली. काशीने मागचे पाय फाकवले — पान्हा सोडताना फाकवते म्हणून चिंधा म्हणायचा तसे. सोडला पान्हा. चारी सडांतून टपकतंय बघा, ती एकच पितेय आणि चारींतून — अगंबाई. एवढं नको गं. पुरेल तिला.

सोनाली उठली. रडतेय, नाही? बाटली करून ठेवलीय मी तिची, तिथेच, झाकलेली. कोमट असेल अजून. तो आवाज ऐकलात का तुम्ही, हा भुकेचा नाही, हा नुसता... हा भुकेचाच आहे. अरे देवा. साहेब — तुम्ही जरा तिकडे तोंड करा. माझा पदर ओला झालाय. नाही, लागलं नाही कुठे. आपोआप. मी काही केलं नाही, ती नुसती रडली. आता काय करू, हात धुऊ आधी, साबणाने, पाणी गरम करून — नाही. हात पदराला पुसते. आले गं, आले.

तुम्ही जा, साहेब. चहा नाही, काही नाही, पुन्हा कधीतरी या, निवांत. चिंधा, तूही जा, साहेबांना हमरस्त्यापर्यंत सोड. पारडी राहू दे तिथेच, तिच्या आईकडे, कोणी हात लावायचा नाही. आणि जाताना ते ओसरीचं दार ओढून घ्या. ओढा. माझ्याकडे बघू नका आता कोणी. जा ना!